"हे काय आहे?" विचारणं थांबवलं आणि घरातलं चायनीज सुरू झालं: एका घराचं प्रकरण

मी १४ वर्षं बालवाडीच्या वयाच्या मुलांसोबत काम करतेय आणि गेल्या काही वर्षांत पालकांच्या प्रश्नांमध्ये चायनीज, म्हणजे मँडरिन, बरंच यायला लागलंय. हे प्रकरण एका मैत्रिणीच्या घरातलं आहे, तिला विचारूनच लिहितेय, नावं कुणाचीच देत नाही, मुलीला ताई म्हणू आणि धाकट्याला छोटू, आणि ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदललेत. साधारण दीड वर्षात हे सगळं घडलं.

पार्श्वभूमी

सुरुवातीला ताई सव्वाचार वर्षांची होती आणि छोटू २२ महिन्यांचा. घरात आई (हीच माझी मैत्रीण), बाबा, आजी, सगळे मराठीच बोलतात. बाबा कामानिमित्त मँडरिन शिकलेला, एचएसके ह्या चायनीजच्या परीक्षेची तिसरी लेव्हल पास आहे, जुन्या सहा लेव्हलच्या पद्धतीत त्याला साधारण ६०० शब्द लागायचे, म्हणजे कामचलाऊ बोलता येतं पण रडणाऱ्या मुलाची समजूत काढता येईल एवढं नाही. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे एक मोठा निर्णय ह्याच्यावरच ठरला.) आईला मँडरिनचा एक शब्दही येत नव्हता.

घाई का होती, तर बाबाची बदली होण्याची शक्यता होती, वर्षभरात सगळ्यांनी मँडरिन बोलणाऱ्या शहरात जायचं आणि ताईला तिथल्या बालवाडीत घालायचं असं चाललं होतं. ती तिथे एकटी पडेल, कुणाला काही सांगताच येणार नाही, ही आईबाबांची भीती होती आणि ती अगदी रास्त होती. पण ह्या भीतीपोटीच पहिले सहा आठवडे चुकले असं मला वाटतं.

अडचण नेमकी काय होती

त्यांनी सुरुवात अशी केली: रोज संध्याकाळी अर्धा तास अॅप, मग ४० फ्लॅशकार्डं, प्राणी, रंग, फळं, शरीराचे अवयव. बरोबर सांगितलं की तक्त्यावर एक स्टार, दहा स्टार झाले की छोटं बक्षीस. पहिले दोन आठवडे जोरात चाललं, ताईला ३० एक शब्द यायला लागले, आईने मला कौतुकाने व्हिडिओही पाठवला. तिसऱ्या आठवड्यात ताई आधी "किती स्टार मिळणार?" विचारून मगच बसायला लागली. पाचव्या आठवड्यात कार्डांचा डबा निघाला की ती टेबलाखाली जाऊन बसायची आणि "मला चायनीज येत नाही" म्हणायची. सहाव्या आठवड्यात बाबा घरी आला तरी ती दाराशी जाईना, कारण बाबा आला म्हणजे कार्डं आली. मैत्रिणीने मला फोन केला तो ह्या शेवटच्या गोष्टीवरून. म्हणाली, अगं भाषा गेली खड्ड्यात, पोरगी बापाला टाळतेय.

मी एक संध्याकाळ त्यांच्याकडे नुसती बसून बघितलं. २० मिनिटांत बाबाने ३० च्या वर प्रश्न विचारले आणि सगळे एकाच जातीचे, "हे काय आहे?", "हा कोणता रंग?", "काल सांगितलं होतं ना?". मुलीने चायनीजमध्ये काहीतरी मागितलं, सांगितलं, कुणाला हसवलं असं एकदाही झालं नाही. विचार करा, मराठी आपण कुठल्या मुलाला अशी शिकवतो? "पाणी" हा शब्द मूल शिकतं कारण तो म्हटला की पाणी मिळतं. इथे शब्द म्हटला की स्टार मिळत होता आणि लगेच पुढचं कार्ड येत होतं, शब्दाने काहीच घडत नव्हतं.

स्टारबद्दल थोडं. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला एक प्रयोग शिक्षणक्षेत्रात पुष्कळ सांगितला जातो, ज्या मुलांना चित्र काढायला मुळातच आवडायचं त्यांना चित्रासाठी बक्षीस मिळेल असं आधी सांगून बक्षीस दिलं, तर नंतर मोकळ्या वेळात ती मुलं बाकीच्यांपेक्षा कमी चित्रं काढायला लागली. ताईचं मला तेच दिसत होतं.

कोणकोणते पर्याय होते

आम्ही तिघं बसून बोललो, दोन संध्याकाळी गेल्या. काही पर्याय लगेच बाजूला पडले आणि काहींवर खूप घासाघीस झाली.

पहिला पर्याय, बाबाने मुलांशी फक्त मँडरिनच बोलायचं. एक पालक एक भाषा ही पद्धत बऱ्याच घरात छान चालते आणि बाबाला ती फार आवडलेली. मी कडाडून विरोध केला. ज्याची ती मातृभाषा आहे किंवा जो त्या भाषेत सहज जगतो त्याने जरूर करावं, पण ह्याला गुडघा फुटलेल्या मुलीला जवळ घेऊन दोन वाक्यंसुद्धा धड बोलता आली नसती. मुलीला बाबा मिळायचा तो ६०० शब्दांएवढाच मिळाला असता. हा पर्याय सोडला आणि आजही मला तो निर्णय बरोबर वाटतो.

दुसरा पर्याय, स्क्रीन वाढवायची, कार्टून मँडरिनमध्ये लावून द्यायचं, आपोआप कानावर पडेल. इथे मी त्यांना, बाळं भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या पॅट्रिशिया कुल यांच्या गटाचा २००३ सालचा प्रयोग सांगितला. इंग्रजी घरातली ९ महिन्यांची बाळं घेतली, मँडरिन बोलणारी माणसं त्यांच्याशी समोर बसून खेळली, पुस्तकं वाचली, साधारण २५ मिनिटांची एकेक बैठक अशा १२ बैठका. ह्या बाळांना नंतर मँडरिनमधले ध्वनी वेगळे ओळखता यायला लागले. दुसऱ्या बाळांना तीच माणसं व्हिडिओवर दाखवली किंवा नुसता आवाज ऐकवला, तर फायदा शून्य. आता ती बाळं ९ महिन्यांची आणि आपली ताई चार वर्षांची, त्यामुळे तसंच्या तसं लागू होत नाही, चार वर्षांचं मूल पडद्यावरून शब्द उचलतं. पण छोटू त्या बाळांच्या वयाच्या बराच जवळ होता, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणेही २ ते ४ वर्षांच्या मुलांना बसून स्क्रीन दिवसाला १ तासापेक्षा जास्त नको, कमी तेवढी बरी.

तिसरा पर्याय, काही काळ पूर्ण बंद. आजीचं हेच मत होतं आणि आईचंही निम्मं मत तिकडेच.

चौथा पर्याय मी मांडला. दिवसातल्या चारपाच ठरलेल्या कामांना मँडरिन जोडायची, कार्डं आणि स्टार बंद, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे परीक्षा घेणारा प्रश्न एकही विचारायचा नाही. सोबत एक जिवंत माणूस शोधायचं जिची ही भाषा आहे.

शेवटी तिसरा आणि चौथा मिळून ठरलं: दहा दिवस पूर्ण सुट्टी, बाबाने फक्त मुलीशी मराठीत खेळायचं, मग नवीन पद्धत. ती दहा दिवसांची सुट्टी आईच्या हट्टाने झाली, मी तर लगेच सुरू करा म्हणत होते. आईचं बरोबर होतं. आठव्या दिवशी ताई पुन्हा दाराशी धावत गेली.

काय काय केलं

*दिवसातल्या जागा.* बूट घालताना "छ्वान श्ये", हात धुताना "शी षोउ", दिवा लावताना "खाय तंग", बंद करताना "क्वान तंग", झोपताना "वान आन". एवढंच, पहिले तीन आठवडे ह्याच्या पुढे काही नाही. यातला दिव्याचा खेळ सगळ्यात चालला कारण आम्ही बाबाला रोबोट केलं. ताईने "खाय तंग" म्हटलं की बाबाने पळत जाऊन दिवा लावायचा, "क्वान तंग" म्हटलं की विझवायचा, आणि ती थांबेपर्यंत थांबायचं नाही. पहिल्या दिवशी किती वेळा दिवा लागला आणि विझला विचारू नका. महिनाभर कार्डं दाखवून जे झालं नव्हतं ते एका संध्याकाळीत झालं, शब्द पक्का बसला, कारण तो म्हटला की एवढा मोठा माणूस पळतो.

आणि "खाय" हा शब्द तर लहान मुलांसाठी खजिना आहे. दिवा लावणं खाय, दार उघडणं खाय, गाडी चालवणं खाय, फूल उमलणंसुद्धा खाय. बटणाला, म्हणजे स्विचला, चायनीजमध्ये म्हणतात "खायक्वान", उघड-बंद! ताईने हे स्वतः पकडलं आणि दिवसभर घरातली बटणं दाखवत फिरली.

*कान आणि जीभ.* हा भाग जरा लांबवते कारण मराठी घरांना इथे एक मोठा फायदा आहे आणि तो आपण रोमन लिपीच्या नादात वाया घालवतो. मँडरिनचे उच्चार रोमन अक्षरात लिहायची पिनयिन पद्धत १९५८ मध्ये चीनमध्ये अधिकृत झाली, ती उत्तम आहे, पण तिची अक्षरं इंग्रजीसारखी वाचायची नसतात. तिथे "बी" लिहिलेलं असतं ते आपल्या "प" च्या जवळ आणि "पी" म्हणजे आपला ओठ मिटून काढलेला खरा "फ", फूल म्हणताना पूर्वीची माणसं काढायची तसा. "डी" म्हणजे जवळपास "त", "टी" म्हणजे "थ". "जी" म्हणजे "क", "के" म्हणजे "ख". अल्पप्राण आणि महाप्राण हा फरक चायनीजमध्ये सगळ्यात महत्त्वाचा आणि तो आपल्या बाराखडीत जन्मापासून आहे! एवढंच कशाला, मराठीत "चाक" मधला च वेगळा आणि "चित्र" मधला च वेगळा, आणि चायनीजलाही हे दोन्ही वेगळे लागतात. पिनयिनचा "झेड" म्हणजे जवळपास आपल्या चाकाचा च.

हे कळलं ते एका गोंधळातून. आई ससा दाखवत "तू-त्स, तू-त्स" करत होती आणि समोरची बाई (तिच्याबद्दल पुढे सांगते) स्वतःच्या पोटावर हात ठेवून गोंधळून बघत होती. ससा म्हणजे "थू-त्स", आणि "तू-त्स" म्हणजे पोट, दोन्हींचा सूर (म्हणजे आवाजाचा चढउतार, मँडरिनमध्ये त्याने शब्दाचा अर्थ बदलतो) एकच, फरक फक्त त आणि थ चा. आईने पिनयिनमधला "टी" बघून इंग्रजी सवयीने "त" म्हटलेलं. त्या दिवशी आईने पिनयिनचे कागद फेकले आणि स्वतःसाठी देवनागरीत वही केली. देवनागरीत सगळं बसत नाही, त्यांचा ओठांचा चंबू करून काढलेला "इ" आपल्याकडे नाही, सूर दाखवायची सोय नाही, त्यामुळे तिने अक्षरांवर छोटे बाण काढले. पण मुलांना दोन्ही लिप्या दाखवल्या नाहीत, त्यांना फक्त ऐकायला होतं.

*सूर.* मँडरिनमध्ये चार सूर आणि एक हलका, न ताणलेला. आम्ही एक फळी आणि खेळण्यातली गाडी घेतली. पहिला सूर म्हणजे गाडी वरच्या सपाट रस्त्यावर, आवाज वर आणि सरळ. दुसरा म्हणजे चढ, आपण "हो?" असं आश्चर्याने विचारतो तसा. तिसरा खाली खड्ड्यातून. चौथा धाडकन उतार, "बस!" म्हणतो तसा. गाडी ढकलताना आवाज काढायचा. ताईला मजा आली पण खरं सांगायचं तर नुसत्या गाडीने सूर आले नाहीत, ते आले दुकान-दुकानमधून.

*मावशी आणि दुकान.* बाबाच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या बायकोची मातृभाषा मँडरिन, तिचा मुलगा पाच वर्षांचा. दर शनिवारी ती तासभर मुलाला घेऊन यायला तयार झाली, त्याबदल्यात आई तिच्या मुलाला चित्रकला शिकवणार. वयाने आईएवढी, म्हणून मुलांनी तिला म्हणायचं "आयी". मँडरिनमध्ये आयी म्हणजे मावशी, आणि आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला तसं म्हणतात. आणि आईला म्हणतात "मामा"! ताई हे ऐकून जमिनीवर लोळून हसली, मामा म्हणजे आई आणि आयी म्हणजे मावशी, मग बाबा म्हणजे? बाबा म्हणजे बाबाच, ऐकायला जरा "पापा" सारखं. मला वाटतं त्या एका दिवसात ताईसाठी ही भाषा बाबाच्या अभ्यासातून निघून गंमतीच्या खात्यात गेली.

चौथ्या शनिवारी दुकान मांडलं, गोटे म्हणजे पैसे, खेळणी विकायला. "माय" तिसऱ्या सुरात, खाली दाबून, म्हणजे विकत घेणं. "माय" चौथ्या सुरात, धाडकन, म्हणजे विकणं. ताईला अस्वल हवं होतं, ती जोरात "माय!" म्हणाली, उतारावरून. आयीने शांतपणे तिच्या हातावर चार गोटे ठेवले आणि तिच्या काखेतली बाहुली उचलून घेतली. ताई दोन सेकंद स्तब्ध, मग ओरडली, मग आयीने खड्ड्यातला "माय" हळू म्हणून दाखवला, ताईने म्हटला, अस्वल मिळालं. आणि त्यानंतर ती मुद्दाम चुकीचा सूर लावून बाबाची चप्पल विकायला लागली. कुणीही "चूक" हा शब्द वापरला नाही, सुराने वस्तू इकडची तिकडे जाते हे तिने डोळ्यांनी बघितलं.

*आकडे.* हा मला अनपेक्षित फायदा. चायनीजमध्ये १० पर्यंतचे आकडे आले की ९९ पर्यंत सगळे येतात, ११ म्हणजे दहा-एक, १९ म्हणजे दहा-नऊ, २१ म्हणजे दोन-दहा-एक. ताई जिने चढताना चायनीजमध्ये मोजायची, त्यांची एका हाताने १० पर्यंत दाखवायची पद्धतही तिने आयीच्या मुलाकडून उचलली, ६ म्हणजे अंगठा आणि करंगळी बाहेर. एक दिवस तिने विचारलं, आई, मराठीत एकोणीस का म्हणतात, दहा-नऊ का नाही? आईने सांगितलं, वीसला एक उणा म्हणून एकोणीस. मग एकोणतीस, एकोणचाळीस तिने स्वतःच ओळखले. दशक-एकक ही कल्पना चायनीजमधून आली आणि मराठी आकडे त्यामुळे सोपे झाले.

*अक्षरं.* चार वर्षांच्या हाताला इतक्या लवकर लिहायला लावायचं नाही यावर आम्ही ठाम होतो. अंगाने अक्षरं केली: पाय फाकवून उभं राहिलं की "माणूस", त्यातच हात पसरले की "मोठा". झाडाचं एक चिन्ह, दोन झाडं शेजारी काढली की वन, तीन काढली की दाट जंगल, आणि झाडाला टेकलेला माणूस म्हणजे विश्रांती. आजी दुपारी भिंतीला टेकून बसली की ताई तिला दाखवून तेच अक्षर सांगायची. नंतर जाड ब्रश आणि पाण्याने फरशीवर, वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आणि वाळून गेलं की संपलं, जपून ठेवायचं काही नाही. चायनीज चिन्हं जुनी आणि सोपी केलेली अशी दोन पद्धतींची असतात, आम्ही सोपी केलेलीच घेतली कारण बाबाला तीच येतात, यावर जास्त वाद झाला नाही, फक्त जुन्या पद्धतीतल्या "घोडा" अक्षराला खाली चार ठिपक्यांचे पाय असतात ते सोडताना मला जरा वाईट वाटलं.

मध्येच आलेला पेच: छोटूचं बोलणं

हा निर्णय आम्ही सगळ्यात वाईट घेतला, म्हणून वेगळा लिहितेय. छोटू दोन वर्षांचा झाला तेव्हा जेमतेम १५ शब्द बोलायचा आणि दोन शब्द जोडायचा नाही. आजी म्हणाली, दोन भाषांनी गोंधळ झालाय पोराचा, बंद करा. घरात भांडण झालं. दोन महिने असेच गेले, त्यातले तीन आठवडे त्याच्यासमोर मँडरिन पूर्ण बंद, काहीच फरक नाही.

दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं हा समज सगळीकडे आहे, पण तज्ज्ञ तसं मानत नाहीत. शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांमधले मिळून मोजायचे. आणि दोन वर्षांच्या सुमारास ५० शब्दही नसतील किंवा दोन शब्द जोडत नसेल तर भाषा बंद करत बसण्यापेक्षा तपासणी करायची, सगळ्यात आधी कानाची. शेवटी ते गेले तेव्हा कळलं की छोटूच्या दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साठलेलं, लहान मुलांमध्ये हे बरंच आढळतं, त्याला सगळंच दबलेलं ऐकू येत होतं, मराठीसुद्धा. डॉक्टरांनी थांबून परत बघू म्हटलं, तीन महिन्यांनी पाणी ओसरलेलं होतं, आणि तोवर स्पीच थेरपिस्टने सांगितल्याप्रमाणे समोर बसून, तोंड दिसेल असं बोलणं चालू ठेवलं. भाषा बंद करायची गरज नाही असं तिनेही स्पष्ट सांगितलं.

आजीचा दोष नाही, काहीतरी बिनसलंय हे घरात सगळ्यात आधी तिलाच दिसलं. आम्ही बाकीचे "द्विभाषिक मुलं उशिरा बोलतात, चालतं" असं म्हणत बसलो आणि मीही त्यात होते. १४ वर्षांचा अनुभव असून मी पहिल्याच आठवड्यात "कान तपासा" म्हणायला हवं होतं.

काय झालं

सातव्या महिन्यात बदली रद्द झाली. म्हणजे जिच्यासाठी हे सगळं सुरू केलं ती गरजच गेली. आईबाबांनी बंद करायचं ठरवलंही, एक आठवडा कुणी काही बोललं नाही. आठव्या दिवशी ताई बूट घालताना स्वतःहून "छ्वान श्ये" म्हणाली आणि कुणी उत्तर दिलं नाही म्हणून चिडली. मग शनिवारी आयी का नाही आली म्हणून रडली. त्यामुळे चालू राहिलं, पण आता कुणाला घाई नव्हती आणि मला वाटतं पुढचं सगळं त्यामुळेच नीट झालं.

दीड वर्षानंतरची स्थिती मोकळेपणाने सांगते. ताई पावणेसहा वर्षांची आहे. मँडरिन फाडफाड बोलत नाही. खेळाच्या, जेवणाच्या, भांडणाच्या विषयात आयीच्या मुलाशी छोट्या वाक्यात निभावून नेते, ऐकलेलं बरंचसं कळतं, बाहेरच्या नवीन माणसाने वेगात बोललं की अडते. ३० च्या आसपास अक्षरं ओळखते, लिहिते त्याहून कमी. सूर बाबापेक्षा तिचे चांगले आहेत, हे बाबाच सांगतो. आणि ती शब्द बनवते! चायनीजमध्ये कॉम्प्युटर म्हणजे वीज-मेंदू, फोन म्हणजे वीज-बोलणं, लिफ्ट म्हणजे वीज-शिडी, जिराफ म्हणजे लांब-मान-हरीण, पांडा म्हणजे अस्वल-मांजर. एक रात्री दिवे गेले तेव्हा तिने टॉर्चला नाव दिलं, वीज-चांद, "त्यन युए-ल्यांग". खरा शब्द तो नाही पण आयीला इतका आवडला की त्यांच्या घरातही आता तोच चालतो.

छोटूचे शब्द कान सुधारल्यावर वाढत गेले, सव्वातीन वर्षांचा आता थांबत नाही बोलायचा. त्याला मँडरिन मोजकीच येते, तीसुद्धा मुख्यतः "त्साय लाय!", म्हणजे पुन्हा, अजून एकदा.

काय वेगळं करता आलं असतं

कानाचं वर आलंच. त्याखेरीज, आयीला आम्ही फार उशिरा आणलं, तिसऱ्या महिन्यात. बाबाला आधीपासून ती माहीत होती, फक्त "आपलं मोडकंतोडकं चायनीज तिच्यासमोर कसं बोलायचं" म्हणून तो लाजत होता. जिच्यासाठी एवढा खटाटोप, त्या ताईच्या कानावर पहिले अडीच महिने फक्त बाबाचे आणि अॅपचे उच्चार पडले.

दुसरं, चूक न काढण्याचा सल्ला मी जरा जास्तच ताणला. मूल चुकीचं बोललं तर टोकू नका, तेच वाक्य आपण बरोबर म्हणा, हे आजही मी सांगेन. पण मी आईलाही तेच लावलं, आणि मोठ्या माणसाला कुणी स्पष्ट सांगितल्याशिवाय कळत नाही. आईचा ससा महिनाभर पोट राहिला तो माझ्यामुळे, आणि तोच उच्चार ताईनेही उचलला होता, तो सुटायला वेळ लागला.

तिसरं, बदलीची चर्चा मुलीसमोर. "तिथे तुला कुणाशी बोलता येणार नाही" हे वाक्य तिने नक्की ऐकलेलं, कारण टेबलाखाली बसली असताना तिने एकदा आईला तेच विचारलं होतं, मी तिथे गप्प बसणार का म्हणून. तेव्हा आईने विषय बदलला. आता ती म्हणते, तेव्हा उत्तर द्यायला हवं होतं.

आणि दहा मिनिटांचं गणित. सुरुवातीला अर्धा तास सलग होतं ते आम्ही दिवसभरात विखरून टाकलं, दोन मिनिटं बूट, तीन मिनिटं दिवा, असं करून रोज जेमतेम १०-१२ मिनिटं. हे पुरेल का अशी बाबाला शेवटपर्यंत शंका होती आणि फाडफाड बोलणं हेच ध्येय असेल तर ते पुरत नाही, त्याचं बरोबर आहे. ती गती हवी असती तर आयीसारख्या माणसाचे आठवड्याला बरेच जास्त तास लागले असते. ह्या घराला ते जमणारं नव्हतं आणि बदली रद्द झाल्यावर लागणारही नव्हतं.

आता पुढचा पेच असा की आयीचं कुटुंब दुसरीकडे राहायला गेलंय. व्हिडिओ कॉल करून बघायचा ठरलं, कारण कॉलवर समोरचं माणूस आपल्या बोलण्याला उत्तर देतं, कार्टूनसारखं एकटंच बोलत सुटत नाही. पहिला कॉल फसला, दोन्ही मुलं फक्त एकमेकांची तोंडं बघून हसत बसली. दुसऱ्या वेळी ताईने आपणहून दुकान मांडलं, गोटे कॅमेऱ्यासमोर ओतले, बाबाची चप्पल उचलून धरली आणि उतारावरचा "माय!" ठोकला. पलीकडून त्या मुलाने किंमत विचारली, आणि पुढची वीस मिनिटं दोघांची घासाघीस चालली होती, आई बाजूच्या खोलीतून ऐकत होती आणि तिला निम्म्याहून जास्त कळलं नाही.